निरोधक क्रियास्थानावर बसतच नसेल, तर तो विकराचे (एन्झाइमचे) काम कसे थांबवतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अ‍ॅलोस्टेरिक स्थानावर, म्हणजे जेथे अभिक्रिया घडते त्या क्रियास्थानाहून वेगळ्या जागी, निरोधक कसा बांधला जातो, आणि अशा निरोधकाला नेहमी अस्पर्धात्मकच (अभिकारक, म्हणजे विकर ज्यावर काम करते तो रेणू, वाढवूनही ज्याचा परिणाम भरून निघत नाही असा) समजायचे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण पहिल्या प्रश्नातच दडलेले असल्यामुळे मी एक विकर घेऊन सविस्तर सांगतो.

ई. कोलाय जिवाणूतील अ‍ॅस्पार्टेट ट्रान्सकार्बामॉयलेज हे विकर कार्बामॉयल फॉस्फेट आणि अ‍ॅस्पार्टेट यांच्यात अभिक्रिया घडवते. पिरिमिडीन (डीएनए आणि आरएनएमधील एका प्रकारचे घटक) तयार करणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीतील ही सुरुवातीची पायरी आहे, आणि साखळीच्या शेवटी तयार होणारा सीटीपी हा न्यूक्लिओटाइड पुरेसा साठला की तोच या विकराला मंद करतो. सीटीपीच्या रेणूचे अ‍ॅस्पार्टेटशी काहीच साम्य नाही, त्यामुळे तो क्रियास्थानात शिरून वाट अडवत असेल हे मुळातच पटण्यासारखे नव्हते. गेरहार्ट आणि पार्डी या संशोधकांनी १९६२ मध्ये दाखवले की पाऱ्याच्या संयुगाची प्रक्रिया केल्यावर विकराचे काम चालूच राहते, मात्र सीटीपीला ते दाद देत नाही. दोन्ही रेणूंची जागा एकच असती, तर असे घडले नसते. पुढे १९६५ मध्ये गेरहार्ट आणि शाकमन यांनी या विकराचे उत्प्रेरक आणि नियामक भाग एकमेकांपासून सुटे केले. संपूर्ण रेणूत दोन्ही प्रकारच्या सहा-सहा प्रथिन-साखळ्या असतात.

सीटीपी नियामक साखळीतील खोबणीत बसतो. तेथे कोणताही सहसंयुज बंध तयार होत नाही. त्रिफॉस्फेटावरील ऋण प्रभार आणि लायसीन या अमिनो आम्लावरील धन प्रभार यांचे आकर्षण, तसेच हायड्रोजन बंध, एवढ्यावर ही पकड टिकते. म्हणूनच ती उलटवता येते, कारण पेशीतील सीटीपी कमी झाला की खोबणी रिकामी होते. याच खोबणीत एटीपी हा दुसरा न्यूक्लिओटाइडही बसतो, पण त्याचा परिणाम नेमका उलटा, म्हणजे विकराला चालना देणारा असतो. तेव्हा नुसते बांधले जाणे म्हणजे निरोध नव्हे. बांधल्यामुळे विकराची कोणती घडण (त्रिमितीय आकार) स्थिर होते, हे महत्त्वाचे.

ही खोबणी क्रियास्थानापासून सुमारे ६० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) दूर आहे. विकर दोन घडणींत आढळते: अभिकारकाला कमी ओढ असलेली आवळलेली टी, आणि जास्त ओढ असलेली सैल आर. टीमधून आरमध्ये जाताना संपूर्ण रेणू अक्षाच्या दिशेने सुमारे ११ अँगस्ट्रॉम लांबतो. सीटीपी हा समतोल टीच्या बाजूला झुकवतो, असे ढोबळमानाने म्हणता येते. (प्रत्यक्षात तो एकटा पूर्ण निरोध करत नाही, सोबत यूटीपी हा दुसरा पिरिमिडीन न्यूक्लिओटाइड असला तर परिणाम बराच वाढतो.)

आता स्पर्धेचा मुद्दा. सीटीपी असताना अ‍ॅस्पार्टेटच्या प्रमाणानुसार वेग दाखवणारा नागमोडी आलेख उजवीकडे सरकतो, म्हणजे तेवढाच वेग गाठायला जास्त अ‍ॅस्पार्टेट लागते, पण भरपूर अ‍ॅस्पार्टेट दिल्यास कमाल वेग जवळजवळ तोच मिळतो. आलेखावरून ही स्पर्धा वाटते, जागा मात्र वेगळी असते. त्यामुळे केवळ आलेख पाहून निरोधक कोठे बसतो हे ठरवणे मला धोक्याचे वाटते.

याउलट एचआयव्ही-१ च्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवर (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विकरावर) चालणारे नेव्हिरापीन हे औषध खरोखरच अस्पर्धात्मक आहे. ते क्रियास्थानापासून सुमारे १० अँगस्ट्रॉमवरील पोकळीत बसते, आणि ही पोकळी औषध नसताना उघडलेली नसते. येथे अभिकारक असलेला न्यूक्लिओटाइड विकरापर्यंत पोहोचतो, पण अभिक्रिया मंदावते, आणि न्यूक्लिओटाइड वाढवूनही वेग भरून निघत नाही. पोकळीतील १८१ आणि १८८ क्रमांकांची टायरोसीन ही अमिनो आम्ले या औषधाला धरून ठेवण्यात मोठा वाटा उचलतात. पैकी १८१ व्या जागी उत्परिवर्तनाने सिस्टीन आले, तर पकड ढिली होऊन विषाणू औषधाला जुमानत नाही. एचआयव्ही-२ मध्ये या दोन्ही जागी टायरोसीन नसतेच, आणि त्याच्यावर नेव्हिरापीन चालत नाही.