रेनेसाँस काळातल्या, म्हणजे युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत काढलेल्या चित्रांना एवढं महत्त्व का देतात? तुम्हाला स्वतःला ती महत्त्वाची वाटतात का?

हो, वाटतात. पण ‘तेव्हापासून चित्रं हुबेहूब दिसायला लागली’ या नेहमीच्या उत्तरानं माझं समाधान होत नाही. हुबेहूब दिसणं हे साधन होतं. मला मोठी वाटते ती गोष्ट ही, की त्या चित्रकारांनी माणसाची दखल घेतली. चित्रातल्या माणसाची तर घेतलीच, चित्रासमोर येऊन उभं राहणाऱ्याचीही घेतली.

लिओनार्दो, मायकेलॅन्जेलो, राफाएल यांच्याबद्दल तुम्ही वाचलं असेलच. मी त्यांच्या आधीच्या मासाच्चोबद्दल सांगते, कारण मला या काळाची गोडी त्याच्यामुळे लागली. १४२८ साली तो वारला तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीपलीकडे सांता मारिया देल कार्मिने नावाचं चर्च आहे. त्यात रेशमाचा व्यापार करणाऱ्या ब्रांकाच्ची घराण्याचं छोटंसं चॅपल, म्हणजे प्रार्थनेचं दालन आहे. तिथं शिरताना डाव्या हाताच्या खांबावर, वरच्या बाजूला, स्वर्गातून हाकलून दिलेले ॲडम आणि ईव्ह आहेत. ॲडमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय आणि हुंदक्यानं त्याचं पोट खपाटीला गेलंय. ईव्हनं मान वर करून हंबरडा फोडलाय. डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा, आणि उघडं तोंड. खाली जमिनीवर दोघांच्या पायांच्या सावल्या पडल्यात.

हे फ्रेस्को आहे. गिलावा ओला असेपर्यंतच रंग भरायचा, त्या दिवशी जेवढं पुरं होईल तेवढाच गिलावा लावायचा. वाळल्यावर चूक सुधारायची तर गिलावा खरवडून पुन्हा सुरुवात. त्यामुळे घोळत बसायला वाव नसतो, आणि ईव्हचा चेहरा जवळून पाहिला की ते कळतं. मोजके जाड फटकारे आहेत, पण दुःख पूर्ण उतरलंय. पुढे १६८०च्या सुमारास कुणाला तरी हे नागडेपण खटकलं आणि दोघांच्या कमरेवर पानं रंगवली गेली. १७७१ला चर्चला आग लागली, चॅपल वाचलं, पण चित्रं काजळून गेली. १९८०च्या दशकात सगळं साफ केलं तेव्हा ती पानंही निघाली. तीनशे वर्षं लोकांनी हे चित्र अर्धवटच पाहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता समोर उभ्या राहणाऱ्याबद्दल. या चॅपलमध्ये वेदीच्या वर एक खरी खिडकी आहे. मासाच्चोनं भिंतींवरच्या चित्रांतला उजेड त्याच खिडकीतून येतोय अशा हिशेबानं रंगवलाय. म्हणजे जो उजेड तुमच्या अंगावर, तोच चित्रातल्या पीटरच्या, म्हणजे येशूच्या शिष्याच्या अंगावर. वेदीशेजारच्या एका चित्रात पीटर रस्त्यानं चाललाय आणि त्याची सावली पडताच पांगळे बरे होतायत. पुढचा अजून लुळ्या पायांवर बसलेला, मागचे उठून उभे राहिलेले. रस्ता मात्र थेट फ्लॉरेन्समधला वाटतो, वरचे मजले पुढे आलेल्या घरांचा. शेजारच्या गल्लीतला भिकारी संतांच्या गोष्टीत आला, आणि त्याच आकाराचा आला.

सांता मारिया नोव्हेल्ला या दुसऱ्या चर्चमधल्या त्याच्या ‘ट्रिनिटी’त (पिता, क्रुसावरचा पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या चित्रात) तर हे आणखी स्पष्ट दिसतं. सपाट भिंतीवर त्यानं पर्स्पेक्टिव्हनं, म्हणजे लांबच्या गोष्टी लहान होत जाताना दाखवण्याच्या पद्धतीनं, अशी कमान उभी केलीय की भिंतीत खोली आहे असंच वाटावं. मागे जाणाऱ्या रेषा जिथं एकत्र येतात तो बिंदू क्रुसाच्या पायाशी, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. बाजूला गुडघे टेकलेलं दांपत्य, म्हणजे ज्यांनी चित्र करवून घेतलं ते, संतांच्याच मापाचं आहे. पूर्वी असे यजमान कोपऱ्यात बोटभर काढायची पद्धत होती. खाली एक सांगाडा, आणि त्याच्यावर इटालियनमध्ये लिहिलंय: तुम्ही आहात तसा मी होतो, मी आहे तसे तुम्ही व्हाल. लॅटिनमध्ये असतं तर ते शिकलेल्यांपुरतं राहिलं असतं.

व्यापाऱ्यांनी यावर पैसे ओतले त्यात प्रतिष्ठेचा सोस होता, हे मला मान्य आहे. नंतरच्या काळातली भव्य, दिमाखदार चित्रं मला तितकी भिडतही नाहीत. पण ज्यांनी ती काढली त्यांतले कितीतरी जण आधी या चॅपलमध्ये येऊन शिकले. तरुण मायकेलॅन्जेलोनं इथल्या पीटरवरून केलेलं रेखाटन आज म्युनिकमध्ये आहे.

तुम्हाला स्वतः ताडून बघायचं असेल तर एक करा. त्याच चॅपलमध्ये समोरच्या खांबावर मासोलिनोनं, मासाच्चोच्या ज्येष्ठ सहकाऱ्यानं, ॲडम-ईव्हच काढलेत, अजून स्वर्गात असलेले. दोन्हींचे फोटो इंटरनेटवर सहज मिळतात. शेजारी-शेजारी ठेवा आणि आधी चेहरे नको, पाय बघा. मासोलिनोच्या जोडीचे पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नाहीत. मासाच्चोच्या जोडीचं सगळं वजन त्या पावलांवर आलंय.