‘हे घरी बोलतच नाईत’

‘मी इतकं समजावून सांगतो मॅडम, पण हे हूं का चूं करत नाईत.’ वऱ्हाडातल्या गावांमध्ये बायकांकडून ही तक्रार नेहमी येते. त्यातलीच ही एक, ताईंच्या परवानगीने आणि ओळख बदलून.

तिवसा तालुक्यातलं गाव. नवरा कोरडवाहू शेतकरी. आधी मी झोप, जेवण, दारू, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, सगळं विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. (असेल तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.)

मग म्हटलं, शेवटचं बोलणं जसंच्या तसं सांगा. नवरा म्हणाला होता, ‘यंदा पराटीत (कपाशीत) काईच हाती लागत नाई वाटते.’ ताई लगेच, ‘मंग तूर काऊन नाई लावली?’ विषय तिथेच संपला. सल्ला खोटा नव्हता, पण फार लवकर आला.

हाच माणूस गावच्या भजनात पुढे गातो. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात, खंजिरी इथे घराघरांत ओळखीची. मी विचारलं, ‘त्यांनी ओळ म्हटली की मंडळी काय करतात?’

‘तेच ओळ मागून म्हणतात.’

‘आणि कोणी मधेच दुसरं भजन धरलं तर?’

ताई हसल्या. ‘भजनच मोडते मंग.’

साथ करणाऱ्याला शब्द, चाल, गाणारा कुठे थांबला, सगळं ऐकावंच लागतं. तेवढ्यात गाणाऱ्याला दम घेता येतो, पुढची ओळ सुचते. नवविधा भक्तीतही श्रवण पहिलं, कीर्तन त्यानंतर. आमच्या मानसशास्त्रात कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये असं ऐकणं मांडलं. ताईंना ते भजनातून आधीच माहीत होतं.

सांगितलं एवढंच: त्यांच्या बोलण्यातला मुख्य शब्द परत म्हणा आणि थांबा. शब्दामागचं दुःखही ऐका, नाहीतर ती नुसती पोपटपंची होते.

पहिल्यांदा नवरा चिडला. ‘माही नक्कल काऊन करतं वं?’ ताईंनी सरळ सांगितलं, ‘तुमचं समजून घ्याव म्हणतो.’

मग एका रात्री कापूस भरता भरता तो म्हणाला, ‘सावकाराचं राह्यलं.’

‘सावकाराचं?’ ताईंनी हातातलं काम थांबवलं नाही, वर पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने त्याने आकडा सांगितला. ताईंना तो ठाऊकच नव्हता.

कर्ज अजून आहे. पण पीककर्जाचं विचारायला बँकेत दोघं सोबत गेले.