काका, ती डोंबिवलीला उतरते कशी?

पत्र थोडक्यात असं: वय ६९, डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. सव्वा वर्षापूर्वी पत्नी गेल्या. मुलगा पुण्यात, मुलगी कल्याणला. सकाळ कशीबशी सरते, पण संध्याकाळी घर खायला उठतं. स्वयंपाकघरात पाऊल ठेववत नाही. भजनी मंडळात जावं, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बसावं की मुलाकडे पुण्याला कायमचं राहायला जावं? मन रमवायचं कशात?

नमस्कार काका,

आठ पानं वाचली. काकूंच्या आजारपणाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मी बोलणार नाही. ते दुःख तुमचं आहे आणि त्याला माझ्याकडे औषध नाही. मी अडकले ती सहाव्या पानावरच्या एका ओळीत. "मुलगी कामाला जाता जाता वाटेत उतरून डबा देऊन जाते, त्यामुळे जेवणाची तशी आबाळ नाही." ओळ संपली, आणि लगेच मुलगा दर रविवारी न चुकता फोन करतो त्याचं कौतुक सुरू झालं. ते चांगलं पाऊण पान आहे.

वाटेत उतरून?

हे सोलापूरच्या माणसानं लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही ३३ वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला नोकरी केलीत, 'चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून' केलीत असं तुम्हीच मजेनं लिहिलंय. मग सांगा, सकाळी आठच्या सुमाराला कल्याणहून आलेल्या फास्टमधून डोंबिवलीला उतरायचं म्हणजे काय करायचं? कल्याणला नशिबानं मिळालेली जागा दहा मिनिटांत सोडून उठायचं. पर्स पोटाशी आणि डबा छातीशी धरून दारापर्यंत पोचायचं. गाडी थांबायच्या आतच प्लॅटफॉर्मवरच्या बायका आत घुसतात. त्या लोंढ्याच्या उलट बाहेर पडायचं. मग पूल, रस्ता, तुमचे दोन मजले. बेल. डबा. "बाबा, गोळी घेतलीत का?" परत दोन मजले, परत पूल, आणि आता त्याच डोंबिवलीहून फास्टच्या लेडीज डब्यात चढायचं, तेही दारात एक पाय ठेवायला जागा मिळाली तर. पुढे दिवा, मुंब्रा. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दाराला लटकलेली माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. ती बातमी तुम्हीही वाचली असणार, पेपर तर तुम्ही रोज तास-दीड तास वाचता.

आणि हे सव्वा वर्ष चाललंय. कल्याणला तिच्यासाठी जागा धरणारा बायकांचा ग्रुप असेल तर तो केव्हाच सुटला असेल. ऑफिसात लेट मार्क लागत असतील. घरच्या पोळ्यांबरोबर तुमच्या पोळ्या लाटायला ती किती वाजता उठते, हे पत्रात नाही. तिला मुलं आहेत का, हेही नाही. सातव्या पानावर तक्रार मात्र आहे, की "मुलीलाही हल्ली दोन मिनिटं बसायला वेळ नसतो." कसा असेल हो?

अजून एक गोष्ट आठ पानांत कुठेच दिसली नाही. तुमची बायको गेली तशी तिची आईही गेली. ती कुणाकडे रडली, काही माहीत आहे?

आता स्वयंपाकघराचं. काकू गेल्यापासून तिथं पाऊल ठेववत नाही, हे मी मानलं असतं. पण दुसऱ्याच पानावर तुम्ही अभिमानानं लिहिलंय, की ४२ वर्षांत तिनं तुम्हाला साधा चहासुद्धा करू दिला नाही. म्हणजे पाऊल तुम्ही आधीही ठेवत नव्हतात. नवं काय झालंय? आई करायची ते आता लेक करते आहे, तेही स्वतःचं घर आणि नोकरी सांभाळून.

तेव्हा कट्टा, भजन आणि पुणे, तिन्ही सध्या बाजूला ठेवा. पुण्याला तर मुळीच जाऊ नका, तिथं डबा सुनेच्या गळ्यात पडेल. स्वयंपाक शिका. वरणभातापासून सुरुवात करा. वाटीभर तांदूळ धुऊन दोन वाट्या पाणी, वरच्या भांड्यात अर्धी वाटी तूरडाळ, चिमूट हळद, दीड वाटी पाणी. कुकरच्या तळाला पाणी घालायला विसरू नका, नवशिके हमखास विसरतात. तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ जिरल्याशिवाय झाकणाशी झटापट नाही. पोळ्या विकत आणा, डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही आणि त्यात कमीपणाही नाही. भाजी मात्र घरी करायची. पहिले पंधरा दिवस करपेल, खारट होईल. खा तशीच.

आणि संध्याकाळ सरत नाही म्हणता ना? काकू संध्याकाळी डाळिंब्या सोलत बसायच्या आणि तुम्ही समोर पेपर वाचायचात, असं लिहिलंय तुम्ही. मग वाल आणा, पाव किलोच. रात्रभर भिजवा, पाणी काढून फडक्यात बांधून ठेवा, मोड आले की कोमट पाण्यात टाका आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोला. सालं बोटांना चिकटतात, दाणे उडून सोफ्याखाली जातात, कंबर धरते. पहिल्यांदा सोलाल तेव्हा सात ते नऊ कुठे गेले कळणार नाही. मग मोहरी-हिंगाची फोडणी, गोडा मसाला, आमसुलं, गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. शिजवताना पळीनं घुसळू नका, दाणा मोडतो. काकूंसारखी उसळ होणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण त्यांच्या संध्याकाळी कुठे जायच्या ते कळेल. तुम्ही समोरच बसलेले असायचात, तरी ते कधी विचारलेलं दिसत नाही.

पहिली उसळ जमली की डबा घेऊन लगेच कल्याण गाठायचा उत्साह नको. मुलीनं कौतुक करावं म्हणून हे करायचं नाहीये. आधी महिनाभर स्वतःच्या पोटापुरतं जमू दे.

आज रात्री नऊच्या आत तिला फोन करा. नऊच्या आत अशासाठी, की नंतर ती उद्याची भाजी चिरायला घेईल. एवढंच सांगा, "उद्यापासून डबा आणू नकोस, थेट कामाला जा. रविवारी सवडीनं ये आणि बस." ती घाबरेल, विचारेल बाबा काही लागलं का, कुणी काही बोललं का. सांगा, नाही. मग म्हणेल, "अहो बाबा, मला काही त्रास नाही, वाटेतच तर आहे." तिनं तसं म्हटलं तरी ऐकायचं नाही, आणि डोंबिवली वाटेत नाही हे तुम्ही तिला सांगायचं.