मोठ्या स्टुडिओत मी हरवून जाईन का?

"काकू, तिथे मी नुसते दरवाजेच करत बसले तर?"

रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका सव्वीस वर्षांच्या मुलीने हे विचारलं. (नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.) विजयनगरला आठ जणांच्या मोबाइल गेम कंपनीत ती थ्रीडी आर्टिस्ट, म्हणजे गेममध्ये दिसणाऱ्या वस्तू संगणकावर घडवणारी. बंगळुरूच्या एका बड्या स्टुडिओची ऑफर आलेली, पगार जवळजवळ दुप्पट, उत्तर द्यायला दहा दिवस.

बाबा सोबत होते. त्यांनी वहीत लिहून आणलं होतं: जानेवारी २०२४, मायक्रोसॉफ्ट, गेमिंगमधले १९०० कमी. फेब्रुवारी, सोनी प्लेस्टेशन, सुमारे ९००. खाली शेरा: मोठं घर, पोकळ वासा.

आकडे खरेच आहेत. मी मुलीकडे वळून एवढंच विचारलं, "आत्ताचा पगार वेळेवर होतो?"

"सात तारखेचा कधी कधी वीसला होतो."

बाबांना हे माहीतच नव्हतं. वही मिटली.

मग तिला म्हटलं, फायदे-तोटे राहू दे, गेल्या मंगळवारचा दिवस सांग. सकाळी एका झाडाचं मॉडेल, मग बटणांचे रंग, दुपारी गेम अडकतोय म्हणून टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं) हलके करणं, संध्याकाळी मालकांच्या मेहुण्याला डेमो. हे सगळं ती भराभर सांगून मोकळी झाली. मग फोन काढून तिने मला एक कडी दाखवली. वाड्याच्या दाराची लोखंडी कडी, घरी रात्री जागून केलेली. हात लागून लागून जिथे गंज उडतो, तिथे धातू चकाकत होता. "हे कंपनीत कोणी करू देत नाही. मोबाइलवर दिसतच नाही ना."

म्हणजे दरवाजे करायला तिची ना नव्हती. थोडं खोदल्यावर खरं बाहेर आलं: इथे सगळे तिला विचारून करतात, तिथे तिच्याहून सरस पन्नास जण असतील. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी 'मोठ्या यंत्रातला छोटा पुर्जा' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची भीती ही असते. त्या भीतीची लाज वाटायचं कारण नाही, पण तिला तिच्या नावाने हाक मारावी.

बाकीच्या शंका मात्र खऱ्या होत्या. गेम बाजारात यायच्या आधीचे महिने, ज्याला तिथे क्रंच म्हणतात, अंगावर येतात. ज्या गेमसाठी जावं तो हातात राहीलच असंही नाही. तीच म्हणाली, युबीसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे असलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा रीमेक २०२२ मध्ये माँट्रियलला गेला. म्हणून सही करण्याआधी एचआरला विचारायचे प्रश्न आम्ही लिहिले: टीम कोणती, जादा तासांचा मोबदला काय, गेम येण्याआधी नोकरी सोडली तर क्रेडिटमध्ये, म्हणजे गेमच्या श्रेयनामावलीत, नाव राहील का, आणि केलेलं काम पोर्टफोलिओत कधी दाखवता येईल. पहिल्या दोन्हींची उत्तरं सरळ आली. क्रेडिटचं गोलमोल. पोर्टफोलिओचं स्पष्ट: गेम आल्याशिवाय नाही, म्हणजे कदाचित तीन-चार वर्षं.

ती बंगळुरूला गेली. घरभाडं आणि आठवड्यातून एकदा फोन यावर बाबांशी तह झाला.

परवा माझ्याकडे फोन आला. लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने, तिचं एक बिजागर दोनदा परत पाठवलं होतं.

"राग येतोय?"

"येतोय ना. पण काकू, तिसरं चांगलं झालंय."