लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन बेळगावभोवती कुठं चालायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नुकतीच बेळगावला बदली झालीय, मुलं चार आणि नऊ वर्षांची आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. रविवारी दोन-तीन तास झाडीतून, शेतातून, नदीकाठानं पायी फिरायचंय, पण शोधायला गेलं की नुसते धबधबेच समोर येतात. तुम्हाला एकानं वज्रपोहा धबधबा सुचवलाय, दुसऱ्यानं भीमगडचं जंगल. दोन्ही सध्या बाजूला ठेवा. खानापूरकडचे धबधबे पावसाळ्यात बघण्यासारखे असतात, आणि नेमकं तेव्हाच तिथं चार वर्षांच्या पोराला न्यायचं नसतं. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि आत अस्वलं, गवे, बिबटे सगळं आहे. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राहणाऱ्या दुर्मिळ वटवाघळाची गोष्ट मुलांना घरी बसून सांगा, तेवढं पुरे.

आपल्याकडं खुणा केलेल्या, पाट्या लावलेल्या पायवाटा नाहीत. म्हणून मी एवढंच बघतो: गावची माणसं त्या वाटेनं रोज जातात का? बायका गवताचे भारे घेऊन येताहेत, कुणी म्हशी हाकतोय, पोरं सायकलवरनं चाललीत, अशी वाट मुलांना बिनधास्त चालते. नुसती सुंदर दिसणारी पण रिकामी वाट सोडून द्यायची.

पहिल्यांदा येळ्ळूरच्या शिवारात जा. शहापूर-वडगावच्या पुढं गेलं की दोन्ही बाजूला भातशेतीच आहे. बेळगाव बासमती म्हणतात तो इथलाच, हल्ली पेरा कमी झालाय तो भाग वेगळा. पावसाळ्यात इकडं वाट नसते, चिखल असतो, आणि बळ्ळारी नाला फुगला की शिवारं पाण्याखाली जातात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुगी झाली, भात कापलं, की वाट मोकळी होते. मागच्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला गेलात तर सगळं हिरवं आणि दवानं भिजलेलं मिळेल. बांधावरनं एका रांगेत चालायचं, पिकात पाय टाकायचा नाही. शेतात कुणी दिसलं तर "जरा पोरांना दाखवून आणतो" म्हणून आधी सांगायचं. बहुतेक वेळा हातात हरभऱ्याचे डहाळे पडतात. मुलांना चपला नकोत, बूट घाला. कापलेल्या भाताचे खुंट सुयांसारखे उभे असतात.

तुमच्या धाकट्याला बांधावरची खेकड्याची बिळं दाखवा. बिळाच्या तोंडाशी मातीच्या बारक्या गोळ्यांचा ढीग असतो. गोळ्या ओल्या असल्या तर मालक घरात आहे आणि रात्री काम करून झोपलाय. वाळून पांढऱ्या पडल्या असल्या तर बीळ बहुधा रिकामं. माझा भाचा एकेका बिळापाशी उकिडवा बसायचा आणि आमचं चालणं तिथंच संपायचं. संपू दे की! चार वर्षांचं मूल तासाला एक किलोमीटर गेलं तरी बक्कळ. बीळ बघायचं, हात घालायचा नाही, हे मात्र बजावून ठेवा. त्यात कधी साप पण असतो.

राजहंसगड तिथनं जवळच आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता असल्यामुळं सासूबाईंना गाडीनं नेता येतं, आतल्या सिद्धेश्वराच्या देवळात त्या निवांत बसतील. थोरल्याला घेऊन तुम्ही पायथ्यापासून चढा. किल्ला लहान आहे, मुलांना कंटाळा यायच्या आत बघून होतो. २०२३ मध्ये शिवरायांचा पुतळा बसवल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी फार, तेव्हा सकाळी लवकर जा. वरनं खालच्या शिवाराचे तुकडे, बांध, पाणंद सगळं कळतं. मुलांना विचारा, आपण मघाशी कुठनं चाललो ते दाखवा बघू.

नदीकाठासाठी माझं मत असोग्याला. खानापूरच्या जवळच मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. नदी कणकुंबीला उगम पावते आणि इथपर्यंत आली तरी अजून लहान, खडकातनं वाहणारी असते. देवळापर्यंत गाडी जाते, सावली आहे. सासूबाईंना तिथं बसवून तुम्ही काठाकाठानं जाऊन परत या. फेब्रुवारीनंतर पाणी उतरतं, खडक उघडे पडतात आणि मुलं पाण्याकडं ओढ घेतात. घोट्याएवढ्या पाण्यात पाय सोडून बसायला हरकत नाही, पण शेवाळलेल्या खडकावर उभं राहू देऊ नका, आणि पाणी जिथं गडद आणि संथ दिसतं तिथं डोह समजायचा. जून ते सप्टेंबर काठावरनं फक्त बघायचं. हब्बनहट्टीचा मारुती याच नदीवर आहे, पावसाळ्यात तिथं देवळातसुद्धा पाणी शिरतं, यावरनं अंदाज घ्या.

झाडीसाठी वैजनाथाचं देऊळ. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीकडनं देवरवाडीला. हा भाग चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्रात. पाटी वाचली नाही तर हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. देवळाभोवतीच्या सावलीत चाला, गर्द जंगलात शिरू नका. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं मिळतात, आणि मुलांचे कपडे त्या दिवशी जुनेच हवेत.

आता काळजीचं. गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो ताप गोचिडीमुळं पसरतो. त्यामुळं त्याच बाजूच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात साधारण नोव्हेंबर ते मे या दिवसांत काजूच्या बागेत पाचोळ्यावर चादर टाकून जेवायला बसू नका. लांब पँट, पायमोजे, आणि घरी आल्यावर मुलांच्या काखा, कानामागं, गुडघ्यामागं नीट बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगायचं. पावसाळ्यात गोचिडीऐवजी जळवा. त्या किळसवाण्या, पण मीठ लावलं की सुटतात. खानापूरकडं भात पिकायच्या दिवसांत हत्ती शेतात उतरतात, तेव्हा निघायच्या आधी चहाच्या टपरीवर विचारा. "इकडं हत्ती हायत काय?" असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाऊस असेल किंवा वेळच कमी असेल तर टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं आवार आहेच. शहरात असूनही झाडी भरपूर, सकाळी चालणारे बरेच असतात, सासूबाईंनाही झेपेल.

बसनं जाणार असाल तर पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून सीबीटीवर, म्हणजे शहर बसस्थानकावर, सरळ कंडक्टरला "येळ्ळूर काय?" विचारा, मराठीत उत्तर मिळतं. जून २०२३ पासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण ते कर्नाटकातल्या रहिवाशांना. तुमच्या आधारवर अजून पुण्याचा पत्ता असेल तर तोवर तिकिटाचे सुट्टे पैसे जवळ ठेवा.