नामाचं लिंग ओळखायचं तर प्रत्यय पकड

स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकताना एकेका नामाचं लिंग घोकत बसू नकोस, शेवटचा प्रत्यय बघ. मराठीत हे तुला येतंच: ‘मोठा’ला ‘-पण’ लावलं की ते मोठेपण, ‘-पणा’ लावला की तो मोठेपणा.

स्पॅनिशमध्ये ‘-सिओन’ आणि ‘-दाद’ स्त्रीलिंगी, ‘-मिएन्तो’ पुल्लिंगी. या तिघांवरच शेकडो शब्द सुटतात.

खरा घोळ फ्रेंचमध्ये होतो. ‘-आझ’ पुल्लिंगी, म्हणून ‘ल व्वायाझ’, म्हणजे प्रवास. मग ‘इमाझ’, म्हणजे चित्र, स्त्रीलिंगी कसं? तिथे प्रत्ययच नाही! ‘व्वायाझ’ लॅटिन ‘व्हिआतिकुम’वरून आला, त्यात ‘-आतिकुम’ हा प्रत्यय आहे. ‘इमाझ’ मात्र ‘इमागो’वरून आला, त्यातलं ‘आझ’ मूळ शब्दाचाच तुकडा. म्हणून शेपूट सारखं दिसलं तरी ते काढून मागे काय उरतं ते आधी तपास.

दोन्ही भाषा एकत्र शिकत असशील तर फ्रेंच ‘-अर’ आणि त्याचा स्पॅनिश जोडीदार ‘-ओर’ यांना जप. उष्णता फ्रेंचमध्ये ‘ला शालर’, स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये ‘एल कालोर’, पुल्लिंगी. त्यात फ्रेंच ‘-अर’ गुणवाचक असेल तर बहुधा स्त्रीलिंगी, पण ‘व्हांदर’, म्हणजे विक्रेता, असा करणारा दाखवत असेल तर पुल्लिंगी. वहीत अशी नामं उपपदासकटच, म्हणजे आधीच्या ‘ल’, ‘ला’, ‘एल’सकट लिही.