एक छत्री फाटली की सगळ्या फाटतात

गेम बनवायला शिकणाऱ्यांची या महिन्यातली पत्रं बहुतेक एकाच गोष्टीवर अडली होती: खेळाडूची बॅग. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (दादर): मुंबईच्या पावसाळ्यावर गोडो या गेम इंजिनमध्ये छोटा गेम करतोय. छत्रीचा रिसोर्स, म्हणजे तिच्या माहितीची फाइल, केलाय. त्यात नाव, चित्र, किंमत आणि टिकाऊपणा १००. खेळाडूकडे तीन छत्र्या आहेत, पण वाऱ्याने एकीचा टिकाऊपणा ४० वर आला की तिन्हींचा ४० दिसतो. असं का?

उत्तर: कारण छत्री एकच आहे. बॅगेच्या तीन स्लॉटांत (खणांत) तिचाच पत्ता लिहिलेला आहे, एवढंच. गोडो एकदा लोड केलेली रिसोर्स फाइल मेमरीत ठेवतं आणि त्याच पाथवरून कुणी पुन्हा मागितली की तीच देतं. चित्रासारख्या जड मालाला ही सोय उत्तम, झिजणाऱ्या आकड्याला घातक.

किराणा दुकानात मालाची यादी वेगळी आणि फळीवरचा नग वेगळा असतो. तुम्हीही तसंच करा. रिसोर्स म्हणजे यादी: आयडी, नाव, चित्र, किंमत, एका स्टॅकमध्ये (थप्पीत) जास्तीत जास्त किती, नवा असताना टिकाऊपणा किती. नग म्हणजे आयडी, संख्या आणि उरलेला टिकाऊपणा. नगासाठी रेफकाउंटेड या गोडोच्या साध्या पायाभूत क्लासवरून केलेला चार ओळींचा क्लास पुरतो. झिजणाऱ्या वस्तूंची स्टॅक-मर्यादा १ ठेवा, नाहीतर ४० ची आणि १०० ची छत्री एका थप्पीत गेल्यावर काय दाखवायचं हा नवा घोळ होतो. आणि गेम चालू असताना रिसोर्समध्ये एकही आकडा लिहायचा नाही.

'रिसोर्स डुप्लिकेट करा' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. छत्री त्याने सुधारेल, पण वडापावसारखी थप्पीत ठेवायची वस्तू बिघडेल. दोन डुप्लिकेट आतून सारखे असले तरी ऑब्जेक्ट म्हणून वेगळे असतात. त्यामुळे थेट तुलना केली की 'वेगळे' असं उत्तर येतं आणि दोन वडापाव एका स्टॅकमध्ये बसत नाहीत. तुलना आयडीनेच करावी.

युनिटी हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांनीही हसू नये. तिथे रिसोर्ससारख्याच स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टची हीच कथा आहे, वर एक फसवणूकही. एडिटरमध्ये प्ले मोडमध्ये बदललेला आकडा थांबवल्यावरही तसाच राहतो, म्हणून सेव्ह झाल्यासारखं वाटतं. बिल्ड केलेला गेम बंद करून उघडला की आकडा मूळपदावर.

प्रश्न (भांडुप): स्टॅकची मर्यादा १० आहे. जमिनीवरचे १५ वडापाव उचलले की कधी कमी मिळतात, कधी अर्धा स्लॉट रिकामा असूनही नवा स्लॉट भरतो.

उत्तर: भरण्याचा क्रम चुकतोय. आधी त्याच आयडीचे अर्धवट स्टॅक भरा, मग रिकामे स्लॉट, आणि शेवटी जे उरलं ते फंक्शनने परत द्यावं. चार स्लॉटांची बॅग धरा: ७ वडापाव, छत्री, ९ वडापाव, रिकामा. १५ पैकी ३ पहिल्यात, १ तिसऱ्यात, १० चौथ्यात गेले. उरला १. तो एक जमिनीवरच राहायला हवा. तुमचा कोड बहुधा परत आलेला आकडा न बघताच जमिनीवरची वस्तू पुसून टाकतोय.

वस्तू जोडून नवी बनवण्याचा भाग पुढे कराल तेव्हा हेच लक्षात ठेवा. पाव, वडा, चटणी तिन्ही पुरेसे आहेत का हे आधी पूर्ण तपासा, मगच वजा करा. एकेक तपासत वजा करत गेलात तर चटणी नाही हे कळेपर्यंत पाव गेलेला असतो. तयार वडापावला जागा आहे का, हे बॅगेच्या कॉपीवर सामान वजा करून बघा, कारण पाव संपल्याने स्लॉट मोकळा होऊ शकतो.

प्रश्न (चेंबूर): माउसने ओढून वस्तू हलवताना कधी कधी ती गायबच होते.

उत्तर: ती त्याच स्लॉटवर परत सोडून बघा. 'लक्ष्यात मिळव, मूळ रिकामा कर' असा कोड असेल तर ३ चे ६ होतात आणि लगेच शून्य. मूळ आणि लक्ष्य एकच असेल तर काहीही करू नका, ही अट सर्वांत वर लिहा. दुसरी शक्यता म्हणजे ओढताना नग बॅगेतून काढता आणि तेवढ्यात खिडकी बंद होते. ओढताना फक्त चित्र हलवा. डेटा बदलायचा तो सोडल्यावर, तोही बॅगेच्या फंक्शनमधून. पडद्यावरच्या स्लॉटच्या बटणाने स्वतःकडे संख्या ठेवू नये. बॅग बदलली की सिग्नल (बदल कळवणारा संदेश), सिग्नल आला की स्लॉट पुन्हा रंगवायचा.

प्रश्न (कांदिवली): सेव्ह फाइलमध्ये नेमकं काय लिहायचं? आणि वस्तूंना आकारानुसार चौकोन व्यापायला लावायचं असेल तर?

उत्तर: आयडी, संख्या, टिकाऊपणा, स्लॉट क्रमांक आणि फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक. बस. यादीतला अनुक्रम आयडी म्हणून वापरू नका. मध्ये एक नवी वस्तू घातली की जुन्या सेव्हमधल्या छत्र्यांचे रेनकोट होतात. सेव्ह जेसन या मजकूर-स्वरूपात लिहिलीत तर गोडोचं जेसन सगळे आकडे दशांश म्हणून वाचतं, ७ चा ७.० होतो, तेव्हा संख्या पूर्णांकात बदलून घ्या. युनिटीचं जेसनयुटिलिटी डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा संग्रह) लिहीतच नाही, तिथे लिस्ट वापरा. वजन असेल तर किलोच्या दशांशात नको, ग्रॅममध्ये पूर्णांक.

चौकोनांची बॅग नवी नाही, १९९६ च्या 'डायब्लो'त १० × ४ ची होती. पण साधी बॅग नीट चालेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नका. करालच तेव्हा नगाचा वरचा डावा चौकोन एकदाच नोंदवा आणि जागा तपासताना त्या नगाने आधीच व्यापलेले चौकोन मोकळे धरा. नाहीतर २ × ३ ची पेटी एक घर उजवीकडे सरकवताना तिचीच तिला अडचण होते.